एकाच गावात एक आळी पडते, दुसरी उभी राहते: मराठवाड्याची जमीन आणि भूकंपाचा हादरा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचं गाव औसा-निलंगा पट्ट्यात, ओढ्याकाठी. १९९३ च्या भूकंपात खालच्या आळीतली बहुतेक घरं बसली. दीड किलोमीटरवर माळाला वस्ती आहे, तिथे भिंतींना तडे गेले, एवढंच. भूकंप तर एकच होता, मग असं का झालं? आता शेतात घर बांधायचं आहे. एक जागा काळ्या रानात रस्त्याला लागून आहे, दुसरी माळाला. कुठे बांधावं?"

माळावर बांधा. मात्र त्यामागचं कारण समजून घ्या, कारण माळावर बांधलेलं घरही पडू शकतं आणि काळ्या रानातलं नीट बांधलेलं घर उभं राहू शकतं.

"भूकंप एकच होता" हे अर्धंच खरं आहे. पेपरात येतो तो ६.२ हा आकडा भूकंपात एकूण किती ऊर्जा सुटली ते सांगतो. तो आकडा किल्लारीला, सास्तूरला, पुण्याला, हैदराबादला एकच. पण तुमच्या उंबऱ्याखालची जमीन किती जोरात आणि किती वेगाने मागेपुढे झाली, तो आकडा दर जागी वेगळा. तो तीन गोष्टींवर ठरतो: खाली खडक कसा फाटला, लहरी कुठून कुठे आल्या, आणि शेवटी त्या कुठल्या जमिनीतून वर निघाल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे खडक फाटला तो साधारण दहा किलोमीटर खोलीवर. एवढ्या खोलीवरून पाहिलं तर तुमची खालची आळी आणि माळ यांच्या अंतरात नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्हीकडे खालून आलेला हादरा जवळपास सारखाच होता. फरक पडला तो वरच्या काही मीटरांत.

हे वरचे काही मीटर मराठवाड्यात कसे असतात ते पाहायला कुठली प्रयोगशाळा लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहा आणि समोरची भिंत वरून खाली वाचत जा. आधी काळी माती, हात-दोन हात किंवा पुरुष-दीड पुरुष. तिच्या तळाशी बऱ्याच ठिकाणी पिवळसर, चुनखडीचे खडे असलेला पट्टा. मग मुरूम: आधी बोटाने चुरा होणारा, खाली कुदळीला दाद देणारा, आणखी खाली टिकावाला न जुमानणारा. मग मांजऱ्या खडक, आणि शेवटी काळा पाषाण, जिथे विहीरवाला सुरुंगाचा भाव सांगतो. काही विहिरींत मध्येच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. तो दोन लाव्हांच्या थरांमधला, जुन्या काळी जळून-कुजून झालेला मऊ थर. माळावरच्या विहिरीत हीच गोष्ट वाचा: वीतभर हलकी माती, लगेच मुरूम, आणि पाच-सहा फुटांवर कडक खडक. दोन विहिरींच्या मध्ये अर्धा किलोमीटरही नसतो.

या सगळ्याच्या खाली काय आहे तेही आपल्याला ठाऊक आहे. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेतलं. त्यात ३३८ मीटर बेसाल्टचे थर लागले, त्याखाली जेमतेम आठ मीटर जुना गाळ, आणि मग ग्रॅनाइटी-पट्टिताश्माचा पाया. भूकंप झाला तो या पायाच्या खडकात, बेसाल्टच्या पुष्कळ खाली. बेसाल्ट हे फक्त वरचं पांघरूण आहे.

आता हादरा वर येताना काय होतं ते पाहू. घर पाडणाऱ्या लहरी मुख्यतः एस लहरी, म्हणजे जमिनीला आडवं हलवणाऱ्या. ताज्या बेसाल्टमध्ये त्यांचा वेग सेकंदाला दीड-दोन हजार मीटर असतो. झिजलेल्या मुरमात तो तीनशे ते सहा-सातशेवर येतो. ओल्या काळ्या मातीत शंभर-दोनशेच्या मध्ये. मोकळ्या रस्त्यावर लांबून चालणारी दिंडी गावच्या वेशीत आली की दाटते, तसं या लहरींचं होतं: मागून येणारी ऊर्जा थांबत नाही, पुढे जायचा वेग मात्र दहा पटींनी घटतो. तीच ऊर्जा थोडक्या, हलक्या मातीत वाहून न्यायची तर प्रत्येक कणाला जास्त हलावं लागतं. हिशोब करायचा तर खडकाची घनता गुणिले वेग, भागिले मातीची घनता गुणिले वेग, आणि त्याचं वर्गमूळ. खडकाला २.७ आणि १८००, मातीला १.७ आणि १५० धरले तर उत्तर चारच्या थोडं वर येतं. माती स्वतः थोडी ऊर्जा खाते म्हणून प्रत्यक्षात हा आकडा बदलतो, पण दुप्पट-तिप्पट हलणं ही काळ्या रानात अगदी साधी गोष्ट आहे.

एवढ्यावर थांबलं तर "माती वाईट, खडक चांगला" असं वाटेल. खरी गंमत याच्या पुढे आहे, आणि इथेच मराठवाडा बाकीच्या जगापेक्षा वेगळा पडतो.

मातीचा थर सगळ्या वेगाचे हादरे सारखे वाढवत नाही. त्याची स्वतःची एक लय असते. थराची जाडी चारने गुणा आणि लहरीच्या वेगाने भागा, की थराचा दोलनकाल, म्हणजे एक झोला पुरा व्हायला लागणारा वेळ, सेकंदात मिळतो. या लयीचे हादरे खालून आले की थर ते सगळ्यात जास्त वाढवतो. घरालाही त्याची लय असते. पक्क्या चौकटीच्या इमारतीला ढोबळमानाने मजल्याला एक दशांश सेकंद धरा. एकमजली दगडी घर ०.१ सेकंदाच्या आसपास, चार मजल्यांचं ०.३ ते ०.५. जमिनीची आणि घराची लय जुळली की अनुनाद होतो, आणि जे घर दोन धक्के सोसलं असतं ते पाचव्या-सहाव्या झोल्याला बसतं.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण म्हणजे मेक्सिको सिटी. १९ सप्टेंबर १९८५ चा तो ८.० चा भूकंप शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब झाला होता. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. गाळ तीस-चाळीस मीटर जाड आणि लहरींचा वेग सेकंदाला सत्तर-ऐंशी मीटर. वरचं सूत्र लावा: दोन सेकंद. त्यामुळे सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती कोसळल्या आणि त्यांच्याशेजारी लहान घरं शाबूत राहिली. आपल्याकडे २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ खडक फाटला आणि अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत, साबरमतीच्या जुन्या गाळावर, खाली मोकळं पार्किंग ठेवलेल्या बहुमजली इमारती पडल्या.

हे वाचून बरेच अभियंते म्हणतात, मराठवाड्यात एवढा जाड गाळ कुठे आहे, मग आपल्याला काळजी कशाची? सूत्रात आपले आकडे टाकून बघा. काळी माती तीन मीटर, वेग १५०. बारा भागिले १५०, म्हणजे ०.०८ सेकंद. हा नेमका एकमजली दगडी घराच्या जवळचा दोलनकाल. शिवाय भूकंप जवळचा आणि उथळ असेल तर त्याच्यात अशा जलद हादऱ्यांचाच भरणा जास्त असतो. लांबून येणाऱ्या लहरींतले जलद हादरे वाटेत विरतात, पायाखालच्या भूकंपाला विरायला वाट मिळत नाही. म्हणजे मेक्सिकोत जाड गाळाने उंच इमारती निवडल्या, आणि आपल्याकडे पातळ काळी माती बैठी घरं निवडते. आपल्या खेड्यांत तर बैठी घरंच असतात.

इथे एक गोष्ट अभियंत्यांसाठी. आयएस १८९३ या इमारतींच्या भूकंपरोधक आखणीच्या भारतीय कोडच्या २००२ आणि २०१६ या दोन्ही आवृत्त्यांत खडक, मध्यम आणि मऊ जमीन असे तीन वर्ग आहेत. पण त्यांचे आलेख नीट पाहिले तर ०.१ ते ०.४ सेकंद दोलनकालापर्यंत तिन्ही जमिनींना बळ ठरवणारा आकडा एकच, २.५. फरक सुरू होतो तो त्यापुढे: खडकाचा आलेख ०.४० ला उतरू लागतो, मध्यम जमिनीचा ०.५५ ला, मऊ जमिनीचा ०.६७ ला. म्हणजे बैठ्या घराला कोडच्या हिशोबात माळावर आणि काळ्या रानात बळ सारखंच. जाड गाळावरच्या उंच इमारतींसाठी हा आलेख ठीक आहे. दोन-चार मीटर काळी माती, तिच्याखाली एकदम कडक खडक, आणि वर एकमजली घर, या आपल्या नेहमीच्या जोडीला मातीने वाढवलेला हिस्सा त्यात येत नाही. "कोडप्रमाणे काही फरक पडत नाही" असं कुणी सांगितलं तर कोडच्या आकड्यापुरतं ते खरं आहे, जमीन मात्र कोड वाचत नाही.

आता काळ्या मातीच्या स्वभावाबद्दल. ती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी मऊ. लहरींचा वेग तिच्या कडकपणावर अवलंबून असल्याने एकाच शेताची लय मे महिन्यात वेगळी आणि सप्टेंबरात वेगळी. किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्री, विसर्जनानंतरच्या पहाटे झाला. पावसाळा सरत आलेला, रानं भिजलेली. म्हणून जमिनीची तपासणी फक्त एप्रिल-मेमध्ये केली तर मिळणारे आकडे आपल्याला गोड वाटतील असे असतात.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. काळी माती भूकंपाची वाट पाहत नाही. दरवर्षी फुगून आणि आकसून ती पाया वर-खाली करते, आणि घराच्या कोपऱ्यात, खिडकीच्या खालच्या कडेला तिरपे तडे पाडते. आपण ते दिवाळीला चुन्याने बुजवतो. घराला एकत्र धरून ठेवतात ते हेच कोपरे. म्हणजे काळ्या रानातलं घर हादरा येण्याआधीच सांध्यांत सैल झालेलं असतं, आणि त्याच घराला हादराही जास्त मिळतो. खालच्या आळीचं जे झालं त्यात या दोन्हींचा वाटा असणार. नुकसानीच्या पाहणीत पडलेल्या भिंतीचा कोणता तडा त्या पहाटेचा आणि कोणता आधीच्या वीस पावसाळ्यांचा, हे वेगळं काढणं फार अवघड असतं. जुन्या तड्यात धूळ, कोळिष्टकं, चुन्याचे थर सापडतात, त्यावरून थोडं कळतं.

काळी माती भूकंपात पाण्यासारखी पातळ होते असा एक समज आहे. तो काढून टाका. मातीचं द्रवीकरण होतं ते मोकळ्या, बारीक, पाण्याने भरलेल्या वाळूचं. १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारमध्ये ते मोठ्या प्रमाणावर झालं, जमिनीतून वाळू आणि पाणी उसळलं. काळी माती चिकण आहे, ती तशी वाहत नाही. मराठवाड्यात याची काळजी करायची तर गोदावरी, मांजरा यांच्या अगदी पात्रालगतच्या वाळूच्या पट्ट्यांत, तेही बंधाऱ्यामुळे पाण्याची पातळी कायम वर असेल तिथे. बाकी ठिकाणी हा प्रश्न नाही.

नदीकाठचा खरा प्रश्न वेगळा आहे. गोदेच्या काठी गाळाचे थर काळ्या रानापेक्षा पुष्कळ जाड असतात. समजा गाळ बारा मीटर आणि वेग १८०. दोलनकाल येतो ०.२७ सेकंद. आता तीन-चार मजल्यांची, बारा मीटर उंच, दहा मीटर रुंद इमारत घ्या. भिंती भरलेल्या चौकटीसाठीचं कोडचं सूत्र तिला ०.३४ सेकंद देतं. फार लांब नाहीत हे दोन आकडे. नदीकाठच्या शहरांत गेल्या काही वर्षांत नेमक्या याच उंचीच्या इमारती वाढल्या आहेत, आणि बऱ्याच जणींचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर. अहमदाबादेत पडल्या त्या याच घडणीच्या. खेड्यातल्या दगडी घरांबद्दल आपण ३० वर्षं बोलतोय, शहरातल्या या इमारतींबद्दल कुणी बोलत नाही.

गावठाणाबद्दलही बोलायला हवं. मराठवाड्यात काळीत शेती आणि पांढरीत वस्ती ही जुनी रीत. पांढरी म्हणजे नुसत्या मातीचा रंग नव्हे, ते गावाचं टेकाड आहे. शेकडो वर्षं घरं पडली, त्यांच्या मातीवर नवी उठली, राख, शेण, खापरं मिसळली, आणि गाव हळूहळू वर चढत गेलं. जुन्या गढीच्या कडेला पांढऱ्या मातीची कड कापलेली दिसली तर जवळ जाऊन बघा: खापरांचे तुकडे, चुलीची काळी रेघ, पुन्हा माती. ही भरलेली जमीन आहे, कुणी दाबून बसवलेली नाही. आत पेवं, जुन्या विहिरी, बुजलेले तळखडे. एकाच घराचा अर्धा भाग या भरावावर आणि अर्धा मुरमावर असेल तर दोन्ही अर्धे वेगवेगळे हलतात आणि घर मधून उघडतं. काळ्या मातीसारखी ती फुगत नाही हा तिचा गुण, म्हणूनच माळवदावर टाकायला लोक तीच नेत. पण पायासाठी ती भरवशाची नाही, आणि "आमच्या वाडवडिलांनी इथंच बांधलं" हा काही भूशास्त्रीय पुरावा नव्हे.

मग माळ म्हणजे सुरक्षितच? नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात धरणात, म्हणजे बेसाल्टवर पाया असलेल्या बांधकामात बसवलेल्या यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं. खडकावर आणि इतकं. भूकंप पायाखालीच झाला तर खडकही भरपूर हलतो. खडकाचा फायदा एवढाच की आलेला हादरा तो वाढवत नाही. कोयनानगरची पडलेली घरं हे सांगायला पुरेशी होती.

माळातही दोन जागा टाळाव्यात. एक, कडा. बालाघाटाच्या पठाराची धार किंवा निमुळत्या टेकडीचा माथा, जिथून तीन बाजूंना उतार आहे. लहरी उतारांवरून परावर्तित होऊन माथ्यावर गोळा होतात आणि माथा पायथ्यापेक्षा जास्त हलतो. शिवाय कड्याच्या काठाचे दगड सुटतात. दृश्य छान असतं म्हणून हल्ली फार्महाऊस नेमकी धारेवरच बांधतात. कड्याच्या उंचीच्या निदान दीड-दोन पट मागे सरका. दुसरी, वर कडक खडकाचा पातळ पत्रा आणि खाली मऊ थर असलेली जागा. पहार वाजली, खडक लागला, म्हणून सगळे खूश होतात, आणि मीटरभर खाली तोच विहिरीतला विटकरी पट्टा किंवा चुरा झालेला थर असतो. दख्खनच्या थराथरांच्या खडकात हे होतंच. पहारीचा आवाज पहिल्या वितीपुरताच खरा, खालचं शेजारच्या विहिरीला विचारा.

जाता जाता, आवाजाबद्दल. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणून लोक धास्तावलेले असतात, आणि २०२४ मध्ये मार्चला व जुलैला तिथे ४.५ चे धक्केही बसले. आवाजात गूढ काही नाही. भूकंप उथळ आणि लहान असेल तर त्यातल्या जलद लहरी कडक बेसाल्टमधून न विरता वर येतात आणि हवेला हलवतात, तेच आपण ऐकतो. जाड गाळाच्या प्रदेशात असे आवाज मातीतच मुरतात. आवाज आला म्हणून मोठा भूकंप येणार असा अर्थ नाही, आणि येणार नाही असाही नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी भागातही छोटे धक्के बसत होते.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येतो. खालची आळी पडली ती मातीमुळे, असं मी म्हणतोय का? माझं मत विचाराल तर मातीचा वाटा दुसरा, भिंतीचा पहिला. किल्लारी परिसरात त्या पहाटे हादऱ्याचं त्वरण मोजणारं एकही यंत्र नव्हतं, त्यामुळे दर आळीत जमीन नेमकी किती हलली याचे आकडे कुणाकडेच नाहीत. पण घरं कशी होती ते सगळ्यांना माहीत आहे. दोन-अडीच फूट जाड भिंत, दोन्ही अंगांना गोल-वेडे दगड, मध्ये चिखल आणि चिपा, आणि दोन अंगांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवद. अर्धा मीटर मातीचं माळवद म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर नऊ टनांहून जास्त. जमीन गुरुत्वत्वरणाच्या दोन दशांशाने हलली तर हे छत भिंतींना जवळपास दोन टनांनी आडवं ढकलतं. मातीने हादरा दुप्पट केला तर चार टनांनी. चिखलाच्या भिंतीला दोन टनही झेपत नाहीत, मग चाराचं काय घेऊन बसलात. गावाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या त्याच जमिनीवर, त्याच हादऱ्यात उभ्या राहिल्या. सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक या छताखाली आणि या भिंतींखाली.

म्हणून माळावरच्या वस्तीचं श्रेय सगळं खडकाला देऊ नका. तिथली घरं कशी होती ते आठवून बघा. माळावरच्या वस्त्या नव्या असतात, घरं लहान, पत्र्याची, भिंती कमी उंचीच्या. जमीन आणि घर दोन्ही बाजूंनी त्यांना फायदा मिळाला असेल.

तर आता काय करायचं. दोन्ही जागांजवळच्या विहिरी आणि बोअर बघा, बोअरवाल्याला किती फुटांवर कडक लागलं ते विचारा, बहुतेकांना पाठ असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे निरीक्षण विहिरींची माहिती असते, तीही कामाला येते. मग घराच्या चारही कोपऱ्यांवर मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. एक खड्डा पुरेसा नाही. काळ्या मातीचा तळ सपाट नसतो, एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम लागतो आणि दुसऱ्यात नऊ फुटांवर, म्हणजे तिथून कधीकाळी ओहोळ वाहत होता. बुजलेल्या ओहोळावर घराचा कोपरा टेकवायचा नाही, घर सरकवायचं.

खर्च करायची तयारी असेल तर जमिनीतला लहरींचा वेग मोजून घेता येतो. चोवीस जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर टिपणारी छोटी यंत्रं, दोरीने ओळीत लावायचे, टोकाला लोखंडी पाट ठेवून त्यावर घण मारायचा, आणि लहर किती वेळात कुठे पोहोचली ते पाहायचं. काळ्या रानात हे करताना वरची ढेकळं बाजूला करून जिओफोनचा खिळा ओलसर घट्ट मातीत रोवावा लागतो, नाहीतर मातीचा नव्हे तर ढेकळाचा वेग मिळतो. दुसरी सोपी रीत म्हणजे एकच भूकंपमापक अर्धा तास जमिनीवर ठेवून नुसती नेहमीची थरथर नोंदवायची. आडव्या थरथरीला उभ्या थरथरीने भागलं की आलेखात जे टोक दिसतं ती त्या जागेची लय. त्यासाठी ट्रॅक्टर, मोटार, वारा बंद असलेली वेळ लागते, म्हणजे शेतात सहसा पहाट. एका घरासाठी हे जास्त होईल, शाळा, दवाखाना किंवा चार मजली इमारतीसाठी मात्र मी ते मागितल्याशिवाय राहणार नाही.

काळ्या रानातच बांधावं लागलं तर पाया मातीत थांबवू नका, मुरमात निदान फूटभर घुसवा. माती फार खोल असेल तर खाली फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, जे काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने चांगले रुजवले आहेत. जोत्याभोवती मुरमाचा भराव आणि पाणी बाहेर काढणारा पट्टा ठेवा, म्हणजे माती वर्षभर एकाच ओलीत राहील. पाया मुरमावर नेल्याने भोवतालची माती हलायची थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. जोत्याला, खिडकी-दारावर आणि छताखाली असे सळईचे सलग पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, हे दोन्ही जागांना लागू. बैठ्या घरांसाठी आयएस ४३२६ आणि दगड-मातीच्या घरांसाठी आयएस १३८२८ यांत हे सोप्या आकृत्यांसह दिलं आहे, गवंड्याला दाखवता येईल इतकं सोपं. किल्लारी आधी भूकंप नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती, २००२ च्या नकाशात ती तिसऱ्या क्षेत्रात गेली. म्हणून "आपल्याकडे लागत नाही" म्हणणाऱ्या ठेकेदाराशी वाद घालत बसू नका, दुसरा शोधा.

शेवटचं, मातीच्या अहवालाबद्दल. मी एकाच तालुक्यातल्या दोन वेगवेगळ्या प्लॉटचे अहवाल पाहिले आहेत, ज्यांत गट नंबर सोडून एकही शब्द वेगळा नव्हता. तुमच्या अहवालात चार गोष्टी पाहा: खड्डा किंवा बोअर नेमका कुठे घेतला त्याचा नकाशा, कुठल्या महिन्यात घेतला ती तारीख, प्रत्येक थराची जाडी आणि मुरूम कुठे संपून कडक खडक कुठे लागला तो आकडा, आणि कडक खडकाच्या खाली निदान दीड-दोन मीटर जाऊन पाहिलं की नाही. यातली एक जरी गोष्ट कमी असेल तर अहवाल परत करा आणि राहिलेले पैसे देऊ नका.